शाळेचं तंत्रज्ञान धोरण कसं लिहावं: नव्या मुख्याध्यापकांसाठी आणि शिक्षकांसाठी

बदली होऊन मी ज्या शाळेत रुजू झालो, तिथे कार्यालयात कपाटाशेजारी ४३ इंची टीव्ही होता. वर क्रोशाचं कापड. कापड उचललं तर काचेच्या कोपऱ्यात उद्घाटनाच्या दिवशी लावलेलं हळदीकुंकवाचं बोट तसंच होतं. चालतो का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "चालतो ना सर. पोरं हात लावतात म्हणून इकडे आणून ठेवलाय."

चांगला चालता टीव्ही कापडाखाली का राहतो? वर्गात तो न्यायचा कुणी, दाखवायचं काय, फुटला तर भरून द्यायचं कुणी, हे कुणी ठरवलेलंच नसतं. मग जो तो हात झटकून मोकळा. या प्रश्नांची उत्तरं दोन पानांत लिहून, शाळा व्यवस्थापन समितीत वाचून, ठराव करून ठेवायची, एवढंच शाळेचं तंत्रज्ञान धोरण. 'धोरण' हा शब्द मंत्रालयातला वाटतो म्हणून नवी माणसं बिचकतात. मग राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० उघडतात, त्यातली २३ आणि २४ ही तंत्रज्ञानाची प्रकरणं काढतात आणि त्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवतात. ती प्रकरणं जरूर वाचा, पण उतरवू नका. आपल्या शाळेतला टीव्ही सोमवारी सकाळी कुणी उचलायचा, ते त्यात लिहिलेलं नाही.

पुढे लिहिलं आहे ते प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांना धरून. खासगी शाळांत पैसा वेगळा असेल, पण फोनची आणि फोटोची भानगड तिथेही तीच.

आधी वही घेऊन शाळाभर फिरा

जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, जे लिहिलंय आणि खोलीत जे आहे, ते जुळतंच असं नाही. म्हणून पहिला दिवस पाहणीचा. नुसतं 'चालू' किंवा 'बंद' लिहू नका. आणखी दोन रकाने आखा: 'शेवटचं कधी वापरलं' आणि 'पासवर्ड कुणाकडे'. दुसऱ्या रकान्यातच निम्मी कथा बाहेर येते. संगणक चालू असतो, पण तो उघडणारी मॅडम दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते.

प्लग कुठे आहेत, अर्थिंग आहे का, पावसाळ्यात कोणती भिंत ओली होते, दुपारी वीज कधी जाते, हेही लिहा. इंटरनेटपुढे खरं तेच लिहा. पुष्कळ शाळांत 'इंटरनेट सुविधा: आहे' याचा अर्थ गुरुजींच्या खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट एवढाच असतो. त्याचा रिचार्ज कोण करतं, हा प्रश्न धोरणात यायलाच हवा.

मग घरांची पाहणी. "घरी स्मार्टफोन आहे का?" असं वर्गात विचारलं की जवळजवळ सगळे हात वर. मीही तेवढ्यावर आकडा लिहून मोकळा झालो होतो. नंतर दुसरा प्रश्न विचारला, "संध्याकाळी सात वाजता तो फोन कुठे असतो?" मग उत्तरं येऊ लागली. पप्पांबरोबर सेकंड शिफ्टला. दादाकडे, तो देत नाही. आईकडे आहे, पण पॅक संपलाय. अर्ध्याहून जास्त हात खाली आले. अभ्यास फोनवर द्यायचा की नाही, हे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरवायचं.

मग ठरवा, कशासाठी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी, ५२ वजा २७. मी अकरा मिनिटांचा व्हिडिओ लावला. त्यात एक कावळा गाणं म्हणत वजाबाकी करत होता. मुलं खूश. संपल्यावर पाट्या काढायला सांगितल्या, तर निम्म्या पाट्यांवर ३५. म्हणजे सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा, ही जुनी चूक जशीच्या तशी. गाणं मात्र सगळ्यांचं पाठ झालं होतं. दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि सुट्या दोन काड्या मांडल्या. सुट्या सात काड्या द्या म्हटल्यावर एका मुलीने थोडं थांबून एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि म्हणाली, "आता सुट्या बारा झाल्या." तो क्षण पडद्यावर येत नाही. रबर तिच्याच बोटांनी निघावं लागतं.

आता उलट उदाहरण. चौथीतला एक मुलगा प्रकट वाचनात जोडाक्षर आलं की अडायचा, आणि आपण अडतो हे त्याला ठाऊक नव्हतं. फोनवर त्याचं एक मिनिटाचं वाचन ध्वनिमुद्रित केलं आणि त्यालाच ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकून आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "सर, परत एकदा घ्या." तीन वेळा घेतलं. इंटरनेट लागलं नाही, ॲप लागलं नाही, पैसा लागला नाही. माझ्या मते प्राथमिक शाळेत फोनचा याहून चांगला उपयोग फार थोडा आहे. असे वाचनाचे तुकडे जून, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये घेऊन ठेवले, तर पालकसभेत प्रगतिपुस्तकाआधी तेच ऐकवावेत.

यावरून आमच्या धोरणात पहिलं कलम आलं ते असं: "जे हाताळून, मोजून, फिरून किंवा बोलून शिकता येतं, त्यासाठी पडदा लावायचा नाही. जे वर्गात आणता येत नाही (धडधडतं हृदय, ग्रहण, समुद्राची भरती, ज्वालामुखी) किंवा जे मुलाला स्वतःचं स्वतःला दिसत नाही (वाचन, भाषण, खेळातली उडी), त्यासाठी लावायचा." तुमचं कलम वेगळं असेल. पण असं एक वाक्य तुमचं स्वतःचं हवं, आणि ते लिहिताना एखादा खरा तास डोळ्यांपुढे हवा.

याच कलमाखाली तीन बारीक नियम घाला. व्हिडिओ शिक्षकाने आधी शेवटपर्यंत पाहिलेला असावा. पाच-सहा मिनिटांहून मोठा असेल तर मध्ये थांबवून प्रश्न विचारावा. आणि तो आदल्या दिवशी उतरवून ठेवावा, वर्गात थेट इंटरनेटवरून लावू नये. तिसऱ्या नियमामागे मानहानी आहे. पाचवीत सूर्यमाला चालू असताना मध्येच पैसे लावायच्या पत्त्यांच्या खेळाची जाहिरात आली, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे माझे काका खेळतात."

उतरवून ठेवायला 'दीक्षा' सोयीचं आहे. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांतला क्यूआर कोड त्यातून वाचला की त्या पाठाचं साहित्य समोर येतं, आणि बरंचसं फोनवर साठवून बिनइंटरनेट दाखवता येतं. पुस्तकातले हे कोड पालकांना आता सवयीचे झालेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ते आधी वापरून दाखवले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, हे पालकसभेत सांगायला हरकत नाही. गावच्या शाळेला असलं काही जमत नाही, ही समजूत त्याने थोडी सैल होते.

फोन: मुलांचा आणि आपलाही

नवे मुख्याध्यापक इथूनच सुरुवात करतात आणि 'शाळेत मोबाइल आणण्यास सक्त मनाई' अशी पाटी लावतात. प्राथमिकला ते चालून जातं. माध्यमिकला लांबून एसटीने येणाऱ्या मुली असतात, त्यांच्या घरच्यांना फोन हवा असतो आणि त्यांचं म्हणणं खरं असतं. तिथे मनाईपेक्षा पेटी बरी: प्रार्थनेआधी फोन बंद करून वर्गाच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली वर्गशिक्षकांकडे, सुटताना परत.

लपवलेला फोन सापडला तर काय, हे शब्दांत लिहा, कारण भांडणं तिथेच होतात. आमचं कलम: "फोन पाकिटात घालायचा, पाकिटावर नाव, तारीख, वेळ लिहायची, शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनी सही करायची. फोन उघडायचा नाही, त्यातले फोटो किंवा मेसेज पाहायचे नाहीत. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पालकांच्या हाती द्यायचा. दंड घ्यायचा नाही." फोन आपटून फोडणारे शिक्षक मी पाहिलेत. नंतर त्यांनी तो भरून दिला आणि गावात मान गेला तो वेगळाच.

हे सगळं मी समितीत वाचून दाखवत असताना एका आईने विचारलं, "गुरुजी, तुमचा फोनबी पेटीत जाणार का?" सगळे हसले. मी हसलो नाही, कारण त्याच दिवशी सकाळी दुसरीला बेरीज देऊन मी तिकडे एक माहिती भरत बसलो होतो. ग्रुपवर 'अतितात्काळ, १२ वाजेपर्यंत' असं आलं होतं.

शिक्षकांच्या फोनचं कलम यामुळे अवघड होतं. हजेरी, पोषण आहाराची नोंद, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), फोटो, लिंका, सगळं त्याच फोनवर. 'वर्गात शिक्षक फोन वापरणार नाहीत' असं लिहिलं तर ते पहिल्याच दिवशी मोडतं. आम्ही लिहिलं ते असं: "ऑनलाइन माहिती भरण्याचं काम मधल्या सुट्टीत आणि शेवटच्या तासिकेनंतर. तासिकेत शिक्षकांचा फोन आवाज बंद करून टेबलावर, पडदा खाली. तासिकेत फोन हातात घेतला तर तो त्या पाठासाठीच." आणि समितीचा ठराव म्हणून ते केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, लेखी दिलं. माहिती मागणं त्याने थांबलं नाही. पण 'आमच्या शाळेत ठराव आहे, दीडला भरून देतो' असं म्हणायला कागद मिळाला. तेवढ्यानेही फरक पडतो.

फोटो आणि माहिती

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शाळेपुरतं त्यातलं लक्षात ठेवायचं ते एवढं: १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि मुलाची माहिती संगणकात किंवा ॲपवर घेताना पालकांची खरी, पडताळता येईल अशी संमती लागते. सरकारी कामासाठीच्या नोंदींचे नियम वेगळे आहेत, पण म्हणून शाळेच्या गणवेशातल्या मुलीचं नृत्य शिक्षकांच्या खासगी रीलवर टाकायला परवानगी मिळत नाही.

आपल्याकडे खरी गळती होते ती ग्रुपवर. शिष्यवृत्तीची यादी, पुढे आधार क्रमांक, पुढे बँक खातं, पुढे जात. तिचा फोटो काढून 'पालकांनी तपासून घ्यावे' म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. हेतू चांगला, पण शंभर फोनांत ती यादी कायमची गेली. मीही हे केलेलं आहे, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. नियम असा करा: "आधार, बँक, जात, आजार, गुण यांतलं काहीही ग्रुपवर टाकायचं नाही. एकेका पालकाला बोलावून दाखवायचं."

संमतीपत्र प्रवेशाच्या वेळी एकदाच घेतात आणि त्यात 'सर्व प्रकारच्या वापरास आमची हरकत नाही' असं छापलेलं असतं. त्या सहीला अर्थ नाही. चार ओळी वेगवेगळ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे हो-नाही ठेवा:

माझ्या पाल्याचा फोटो शाळेच्या भिंतीवर लावावा.
वर्गाच्या पालक ग्रुपवर टाकावा.
शाळेच्या समाजमाध्यमांवरील पानावर टाकावा.
वर्तमानपत्राला द्यावा.

एखाद्या आईने पहिल्या दोनला हो आणि बाकीला नाही म्हटलं, तर कारण विचारू नका. नवऱ्यापासून पळून माहेरी आलेली बाई असेल. मुलाचं ठिकाण नवऱ्याला कळू नये, असं तिला वाटत असेल. असं एक घर आमच्या पटावर होतं, आणि स्नेहसंमेलनाचा फोटो त्या संध्याकाळी आम्हाला धावपळ करून काढून टाकावा लागला. त्यानंतर हे चार ओळींचं पत्र आलं.

घरचा अभ्यास

कोरोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्राने 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. पूर्वप्राथमिकला दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटं, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं, नववी ते बारावीला अशी चार. ती टाळेबंदीतली तत्त्वं आहेत, पण आपल्या शाळेची मर्यादा ठरवायला आजही आधार म्हणून बऱ्या पडतात.

त्याहून महत्त्वाचा नियम माझ्या मते हा: अभ्यास फक्त फोनवर द्यायचा नाही. फळ्यावर लिहिलेलंच ग्रुपवर जाईल, ग्रुपवरचं वेगळं काही नसेल. आणि रात्री आठनंतर ग्रुपवर काहीही नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तुमच्या पटावर असतील तर दिवाळीनंतर त्यांचा फोन फडावर चार्ज होतो की नाही, इथपासून विचार करावा लागतो. तिथे छापील कृतिपत्रिकांचा गठ्ठा आणि आठवड्यातून एक साधा कॉल जास्त कामाचा. मुलाशी बोला, "काय वाचलंस ते सांग" म्हणा. दोन मिनिटं पुरतात.

'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं सुमारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली सुमारे ७६ टक्के. पालकसभेत हे आकडे सांगितले की सगळे शाळेकडे बघतात, जणू आपणच वेळ पाळायला लावणार. तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं सांगा. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद होतात, आणि दीड तासाने पुन्हा वाजतो. भोंगा गावाने लावला, शाळेने एकटीने नाही. तुमच्या ग्रामपंचायतीपुढे हा विषय मांडा, पण शाळेच्या धोरणात घालू नका. घरातल्या टीव्हीवर शाळेचा हुकूम चालत नाही.

एआयचं काय

आमच्या आठवीत 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधाच्या तीन वह्यांत 'नदी दुथडी भरून वाहत होती' आणि 'निसर्गाची अद्भुत किमया' हे शब्द एकाच क्रमाने आले. आमचा भाग दुष्काळी, नदी म्हणावी अशी जवळपास नाही. बाईंनी त्यातल्या एकाला रागावण्याऐवजी विचारलं, "तुझ्या घरी पाऊस आला की काय होतं रे?" तो म्हणाला, "पाऊस आला की टँकर वस्तीच्या रस्त्यात रुततो बाई. मग दोन दिवस पाणी नाही." बाईंनी तेवढंच वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पुढे लिहायला सांगितलं.

धोरणात एआयबद्दल पानभर लिहायची गरज नाही. 'हे एआयने लिहिलंय' असं ओळखून देणाऱ्या यंत्रांवर भरवसा ठेवू नका. ती प्रामाणिक मुलांनाही चोर ठरवतात. त्यापेक्षा लेखनाची पहिली कच्ची प्रत वर्गात, पेनने, अशी अट घाला आणि शंका आली तर दोन तोंडी प्रश्न विचारा. या सेवांच्या स्वतःच्या अटींतही वयाची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी १३ वर्षांची, तेव्हा प्राथमिकच्या मुलांची खाती काढून देऊ नका.

शिक्षकांनी मात्र वापरावं, लपवू नये. प्रश्नपेढी, तीन पातळ्यांच्या कृतिपत्रिका, पालकांना द्यायच्या सूचनेचा मसुदा, यात वेळ वाचतो. दोन अटी. मुलाचं नाव, गुण किंवा घरची हकिगत त्यात टाइप करायची नाही. आणि आलेलं उत्तर पुस्तकाशी ताडून घेतल्याशिवाय झेरॉक्सला जाणार नाही. स्थानिक माहितीत ते बेधडक चुकतं. परिसर अभ्यासाच्या एका कृतिपत्रिकेत आमच्या तालुक्याला एक नदी बहाल झाली होती. मुलांनीच पकडलं.

काही वाईट घडलं तर

हे कलम छोटं आणि स्पष्ट हवं, कारण ते घाबरलेल्या अवस्थेत वाचलं जातं. कुणाकडे जायचं, त्या एका शिक्षिकेचं आणि एका शिक्षकाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा. मुलीचा फोटो बदलून कुणी पसरवला, कुणी धमकी दिली, अश्लील काही पाठवलं, तर ते चित्र 'पुरावा' म्हणून मुख्याध्यापकांच्या फोनवर किंवा शिक्षकांच्या ग्रुपवर पुढे पाठवायचं नाही. मुलांचं तसलं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. फोन आहे तसा ठेवा, पालकांना बोलवा. लैंगिक गुन्हा असेल तर पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावात मिटवून टाकायचा अधिकार शाळेला नाही. मुलांसाठी १०९८, ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३०. हे दोन आकडे नोटीस बोर्डावर कायम असू द्या.

पैसा, वीज, दुरुस्ती

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यातच खडू, झाडू, रंग, दुरुस्ती आणि वीजबिल. मोठा टीव्ही यातून होत नाही. तो लोकवर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून येतो. देणारा वस्तू देतो, पण तिचं वीजबिल देत नाही. म्हणून भेट स्वीकारण्याआधी विचारायचे प्रश्न धोरणात लिहा: बिल शाळेच्या नावावर आहे का, वॉरंटी किती, दुरुस्तीचं दुकान तालुक्यात आहे का, सॉफ्टवेअरचे पैसे दुसऱ्या वर्षीपासून कुणी भरायचे. चौथ्या प्रश्नावर बरेच विक्रेते चहा अर्धा ठेवून उठतात.

वस्तू मुलाच्या हातून फुटली तर भरपाई घ्यायची नाही, असं आम्ही स्पष्ट लिहिलं. हा निर्णय सोपा नव्हता. समितीतल्या दोघांचा विरोध होता. पण भरपाईची भीती असली की शिक्षक वस्तू बाहेरच काढत नाहीत, आणि मग ते क्रोशाचं कापड परत येतं.

लिहा, वाचून दाखवा, ठराव घ्या

मसुदा मराठीत, दोन पानांत, मोठ्या अक्षरात. 'उपयोजन' आणि 'अंमलबजावणी आराखडा' असले शब्द गाळा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांना प्रत वाटून 'वाचून घ्या' म्हणू नका, मोठ्याने वाचा आणि प्रत्येक कलमानंतर थांबा. मघाचा पेटीचा प्रश्न असाच थांबल्यामुळे आला. हरकती इतिवृत्तात नावानिशी लिहा. मुलांनाही विचारा. आमच्या सातवीने सुचवलेलं एक कलम तसंच घेतलं: "टीव्ही लावण्याची आणि बंद करण्याची पाळी मुलींनाही मिळेल." तोवर ते काम दोन मुलांकडेच असायचं आणि ते आम्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

वर्षातून एकदा, वार्षिक परीक्षेनंतर, प्रत्येक कलमापुढे 'पाळलं', 'मोडलं' किंवा 'गरजच पडली नाही' असं पेन्सिलीने लिहा. सारखं मोडतं ते कलम बदला. आमचं रात्री आठनंतरचं कलम पहिल्या वर्षी मीच सर्वांत जास्त वेळा मोडलं. आता आठला फोनवर गजर लावतो.

राहिला चार्ज, म्हणजे बदलीच्या वेळी कारभार सोपवणं. जुन्या मुख्याध्यापकांनी मला किल्ल्यांचा जुडगा दिला, नोंदवह्या दिल्या, सह्या झाल्या. टीव्ही मात्र त्यांच्या खासगी ईमेलवर नोंदलेला आणि ओटीपी त्यांच्या फोनवर. ते सत्तर किलोमीटर लांबच्या शाळेत. जवळजवळ तीन महिने परिपाठ झाला की मी त्यांना फोन लावायचो, ते तासिकेतून बाहेर येऊन आकडे सांगायचे, आणि तोवर मुदत संपलेली असायची. तेव्हा शाळेच्या नावाने एक ईमेल काढा, सगळं त्यावरच नोंदवा, पासवर्ड एका कागदावर लिहून बंद पाकिटात कपाटात ठेवा, आणि चार्ज यादीत किल्ल्यांच्या खाली एक ओळ वाढवा: 'पासवर्डचे पाकीट, नग १'.